टाके घालणारीची आधीची गोष्ट

आमच्या स्टुडिओत सगळे त्यांना तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे खर्ज. मी नवी होते. दोन्हींतलं काय म्हणावं ते कळेना, आणि एक दिवस तोंडातून चुकून ‘खर्जताई’ असं निघून गेलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं कपाळाला हात लावला. त्या मात्र वळून म्हणाल्या, “बरं आहे की. निदान नावात आवाज तरी आहे.” तेव्हापासून तेच नाव पडलं.

वय अठ्ठावन्न. उंच, काटकुळ्या, चालताना जरा पुढे झुकलेल्या. आवाज मात्र असा की विहिरीत उतरून कुणी बोलतंय. चौतीस वर्षं त्या आवाजावर पोट भरलं, पण त्या आवाजाला नायिका कधी मिळाली नाही. सासू, घरमालकीण, तुरुंगातली पहारेकरीण, शेजारची म्हातारी, मेलेली आई. एकदा तर झाड. “झाडाला बरा लागला आवाज,” असं त्या सांगायच्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा.

रेकॉर्डिंगला यायच्या त्या सुती कपड्यांत, कारण दुसरं कापड माइकसमोर सळसळतं. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवायच्या. डब्यात सफरचंदाच्या चार फोडी असायच्या. बोलताना तोंडात चटचट आवाज येऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाला एक फोड. कागद सुटे करून टेबलावर पत्त्यांसारखे मांडायच्या, उलटताना आवाज नको म्हणून. काम झालं की डबा पुसून, घड्याळ बांधून, “येते” म्हणून निघून जायच्या. कुणाच्या वाढदिवसाला थांबल्या नाहीत आणि कुणी थांबवलंही नाही.

मी तिथे मालिका लिहायचे. फोनवर ऐकायच्या मालिका, वीस-वीस मिनिटांचे भाग. पहिली चालली ती ‘काळ्या फाटकाचं घर’. ह्या प्रकाराला आमच्या धंद्यात डार्क रोमान्स म्हणतात. म्हणजे नायक चांगला माणूस नसतो. देखणा असतो, कमी बोलतो, त्याचे धंदे विचारू नयेत असे असतात. तो नायिकेला घरात आणून ठेवतो. तिला आधी त्याची भीती वाटते, मग राग येतो, मग कीव येते आणि मग जे यायचं ते येतं. ऐकणाऱ्या बहुतेक बायका. इस्त्री करता करता, बसमध्ये, मुलं शाळेत गेल्यावर ऐकायच्या. नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मी मात्र मनापासून लिहायचे. खोटं कशाला सांगू, नायकानं दार बंद केलं की मीही जेवण विसरून लिहीत बसायचे.

सहाव्या भागात मी नायकाला चाकू मारवला. आता त्याला दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं, पोलीस आले असते. कपडा फाटला की शिंपी लागतो तशी मला एक नर्स लागली. तिला मी नाव दिलं नाही. ती मागच्या दारानं येते, टाके घालते आणि जाते. बेचाळीस भागांत ती पाचदा आली. सगळी मिळून तिची एकोणीस वाक्यं. “दिवा जवळ घ्या.” “हलू नका.” “उद्या ताप येईल, घाबरू नका.” हे काम अर्थातच खर्जताईंकडे गेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी “हलू नका” म्हटलं आणि रेकॉर्डिस्टनं कानांवरचे हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही हललो नव्हतो, तरी आणखी स्थिर बसलो. त्या दोन शब्दांत ती बाई कितीजणांना असं म्हणत आलीय ते ऐकू येत होतं. मी लिहिलेलं त्यात काहीच नव्हतं.

मालिका संपली. नायिकेनं नायकाला माफ केलं, ऐकणाऱ्यांनीही केलं. पण मालिका काढणाऱ्या कंपनीकडे येणाऱ्या पत्रांत दर चौथं पत्र नर्सबद्दल. ती कोण, ती का येते, ती घरी गेल्यावर काय करते. एका बाईनं लिहिलं होतं, “त्या दोघांचं काय होणार ते मला पहिल्या भागापासून ठाऊक होतं. ते एकमेकांना छळणार आणि शेवटी जवळ येणार. त्या नर्सला मात्र कुणी बस म्हणत नाही. तिचं काय झालं ते सांगा.” दुसरीनं लिहिलं होतं, “नायकाला सात खून माफ. हात मात्र ती बाई धुते.” एक पत्र नुसतं एका ओळीचं होतं: “मी आमच्या घरातली ती नर्स आहे.”

कंपनीला वास लागायला एवढं पुरे. मला सांगण्यात आलं की नर्सची प्रीक्वेल लिही, दहा भाग. प्रीक्वेल म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीची गोष्ट. माणूस इथे कुठून आला ते सांगायचं. वाटतं सोपं, पण त्यात एक मेख असते. शेवट ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतो. ही बाई पुढे एकटी, मुकी, मागच्या दारानं येणारी होणार हे ठरलेलं आहे. तेव्हा काय होणार ह्याची उत्सुकता संपली. उरतं ते एवढंच, की हसणारी एखादी मुलगी पाहायची आणि हिचं हसणं कुठल्या वळणावर सांडलं ते शोधायचं. लोकांना तेच हवं असतं. आपणही आपले जुने फोटो त्याच नजरेनं पाहतो.

मी तीन आराखडे केले. एकात नर्सचं नायकाच्या बापावर प्रेम होतं. दुसऱ्यात तिचा मुलगा गेलेला होता. तिसरा सांगण्यासारखा नाही. तिन्ही वाचून माझं मलाच वाटलं की हे शिळं आहे. मग सुचलं की जिनं त्या बाईला आवाज दिला तिलाच विचारावं. एका रविवारी दुपारी मी खर्जताईंच्या घरी गेले.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची, एक पलंग, आणि भिंतीला टेकवलेली घडीची दुसरी खुर्ची. ती उघडायला त्यांना वेळ लागला, बिजागरी गंजली होती. “बरेच दिवसांत उघडली नाही,” त्या म्हणाल्या. आत स्वयंपाकघरात एका खिळ्याला एकच कप टांगलेला. दुसरा कप त्यांनी वरच्या फळीवरून काढला, धुतला, पुसला, पुन्हा धुतला. खिडकीत रेडिओ चालू होता, कुठल्या तरी परक्या भाषेत. मी आल्यावर त्यांनी तो बंद केला आणि म्हणाल्या, “कळत नाही काही. पण कुणीतरी कुणाशी बोलतंय एवढं कळतं.”

मी विचारलं, “ताई, ती नर्स त्या घरी का येते?”

“तू लिहिलंस म्हणून.”

“ते झालंच. पण तुम्ही बोलता तेव्हा मनात काय धरता?”

त्या चहा गाळत होत्या. गाळणं झटकून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “तिला बोलावणारं दुसरं घर नाही म्हणून येते.”

“आणि बोलत का नाही?”

“बोलली तर पुन्हा बोलावणार नाहीत.”

हे त्यांनी असं म्हटलं, की मी वही उघडायला घेतली होती ती मिटली. त्यांनीही ते पाहिलं. खुर्चीत बसल्या, कप मांडीवर धरला आणि पुढचा तासभर बोलल्या. एवढं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांना एक धाकटी बहीण. सात वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून खर्जताईंनीच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तिच्या परीक्षांना रजा काढल्या. धाकटी दिसायला गोड आणि स्वभावानं हट्टी. तिनं स्वतः पसंत केलेला मुलगा चष्म्याच्या दुकानाचा मालक. बोलण्यात असा की समोरचा विरघळावा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर तोंडपाठ, म्हाताऱ्यांच्या चष्म्याचे स्क्रू फुकट बसवून द्यायचा. थोरलीचं लग्न राहिलं होतं. लोक म्हणाले, आधी मोठीचं. ही म्हणाली, “माझं राहू दे, हिचं होऊ दे.” लग्नात सगळ्यांत जास्त धावपळ हिचीच.

वर्षभरानं पहिला फोन आला, तोही मेहुण्यांचाच. “ताई, जरा येता का? ही जिन्यावरून पडलीय. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ऐकत नाही, तुम्हालाच बोलवा म्हणते.”

खर्जताई गेल्या. कामाच्या जागी त्यांनी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, घरात कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी असायची. ते सगळं पिशवीत घालून चाळीस मिनिटांची बस. धाकटीची भुवई फुटली होती. मेहुणे शेजारी बसून तिचा हात धरून होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. “मला तो सूपचा वाडगा आठवतो,” खर्जताई म्हणाल्या. “चमच्या-चमच्यानं पाजत होता तिला, फुंकर घालून. मला वाटलं, किती जीव आहे ह्याचा. घराला जिना नाही हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या बसमध्ये. तळमजल्याचं घर.”

मग फोन येत राहिले. कधी सहा महिन्यांनी, कधी दोन. दर वेळी ‘ही पडलीय’. दर वेळी आठवडाभर नवरा तिला फुलासारखं जपायचा, नवी शाल यायची, दुकान बंद ठेवून घरी बसायचा. धाकटी म्हणायची, “ताई, तो वाईट नाही गं. त्याच्या मनात नसतं.” आणि खर्जताई काही न बोलता कापूस भिजवायच्या. मागच्या अंगणातून यायचं, मागच्याच अंगणातून जायचं, कारण पुढच्या दाराला शेजार होता.

“तुला म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या, “मला त्या फोनची वाट असायची. घाण वाटते सांगायला. पण त्या घरात माझी गरज होती. एरवी मी कुणाच्या घरी जात होते? भाची झाली होती, ती माझ्या पायाला मिठी मारायची. मी मलमपट्टी करत बसले की शेजारी येऊन बसायची. एकदा शाळेची पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, ‘मावशी, हिला पण लागलंय. पट्टीला पट्टी बांध.’ मी बांधली. आम्ही तिघीही हसलो. धाकटीचा ओठ सुजलेला होता, तरी हसली.”

असं सहा-सात वर्षं चाललं. शेवटच्या वेळी मनगट होतं. खर्जताईंनी पट्टी गुंडाळली, टोक आत खोचलं, आणि न ठरवता त्यांच्या तोंडून गेलं, “चल माझ्याकडे. मुलीला घे आणि चल. दोन खोल्या आहेत, पुरतील.”

धाकटीनं बाही खाली ओढली. उठून चहा केला, दिला. मेहुणे बाहेर मुलीसाठी चित्र काढत बसले होते. निघताना मागच्या दारात धाकटी म्हणाली, “ताई, मला आता सगळं करता येतं. पट्टीबिट्टी. तू यायची गरज नाही.”

“रागावून?” मी विचारलं.

“छे. एखाद्या बाईला काम बंद करताना सांगतात तसं. नीट.”

त्यानंतर फोन आला नाही. ह्यांनी केला तर धाकटी ‘नंतर करते’ म्हणायची. मग नंबर बदलला. एकदा त्या घरापर्यंत गेल्या, तर कुलूप. माणसं दुसरीकडे राहायला गेली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली.

कप रिकामा होऊन बराच वेळ झाला होता. मी विचारलं, “ताई, हे मी घेऊ?”

त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. “घे. पण तिला नर्सच ठेव, बहीणबिहीण आडून आडून असू दे. आणि एक कर. शेवटी तिचं लग्नबिग्न लावून देऊ नकोस. लोकांना दया आली की ते लग्न लावतात.”

मी तीन आठवड्यांत दहा भाग लिहिले. नर्सचं वय चोवीस, तिच्या सोबतिणीचं एका देखण्या माणसाशी लग्न, मागचं दार, पिशवी, ‘ही पडलीय’. पट्टीला पट्टी बांधायची गोष्टही घातली. ती इतकी नेमकी होती की सोडवेना. सहाव्या भागात नर्स बोलते आणि दार बंद होतं. पुढचे चार भाग ती न बोलायला शिकते. शेवटच्या भागात एका काळ्या फाटकाच्या घरातून तिला बोलावणं येतं आणि ती पिशवी उचलते. मूळ मालिका ऐकलेल्यांना तिथं समजणार होतं की आता ती काय बोलणार नाही.

पण चोवीस वर्षांच्या मुलीला अठ्ठावन्नाचा आवाज कसा चालेल? कंपनीनं एक तरुण नटी घेतली. खर्जताईंकडे आलं फक्त पहिलं मिनिट: म्हातारी नर्स सुरुवात करते आणि मग आवाज तरुण होतो. हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस टाळलं. सांगितलं तेव्हा त्या सफरचंद चिरत होत्या. “बरोबरच आहे,” म्हणाल्या. “माझ्या आवाजाला चोविसावं वर्ष कुठून आणणार? तेव्हाही असाच होता म्हणा.” आणि एक फोड माझ्यापुढे केली.

स्वतःचं मिनिट त्यांनी एका दमात दिलं. “माझं वय तेव्हा चोवीस होतं. हसायला मला कारण लागत नसे.” एवढीच दोन वाक्यं त्यातली मला आता आठवतात. मग त्या जातील असं वाटलं, पण बाहेर काचेपाशी स्टुलावर बसून राहिल्या. पहिल्यांदाच.

तरुण नटी मेहनती होती. सहाव्या भागातलं “चल माझ्याकडे” तिनं अगदी जीव तोडून म्हटलं, हुंदका देऊन. आम्हाला बरं वाटलं. खर्जताईंनी रेकॉर्डिस्टला विचारून बटण दाबलं आणि आतल्या मुलीला म्हणाल्या, “बाळ, एक सांगू? ती हे ठरवून म्हणत नाही. तोंडातून जातं. भाजी चिरताना ‘मीठ संपलंय’ म्हणतात ना, तसं म्हण.”

नटीनं तसं म्हटलं. रेकॉर्डिस्टनं पुन्हा म्हणायला सांगितलं नाही. खर्जताई उठल्या, घड्याळ बांधलं आणि गेल्या. सोबतिणीचं काम करणारी दुसरी मुलगी त्या वेळी आत आली. तिचा प्रसंग मी फार ओला लिहिला होता. ती भरपूर रडली आणि आम्ही ते तसंच ठेवलं.

प्रीक्वेल मूळ मालिकेपेक्षा जास्त ऐकली गेली. पत्रांचा पाऊस पडला. त्यांतलं एक पत्र कंपनीनं माझ्याकडे पाठवलं. पंचवीस वर्षांच्या मुलीचं, एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करणारीचं. तिनं लिहिलं होतं: “ही गोष्ट लिहिणारीला माझी मावशी माहीत आहे का? मी लहान असताना शाळेच्या पट्टीला पट्टी बांधून घेतली होती. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. हे तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय आईलाच ठाऊक.”

मी पत्र खर्जताईंना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढलं. “अक्षर चांगलं आहे,” म्हणाल्या. मग, “तिला सांग रविवारी ये म्हणून.” मग, “नको, मी सांगते. नंबर दे.”

त्या रविवारी काय झालं ते मला भाचीनं सांगितलं, नंतर, स्टुडिओच्या जिन्यात भेटली तेव्हा. ती दारात उभी राहिली आणि मावशी नुसतीच पाहत राहिली. आत ये म्हणायला विसरली. मग दोघी बसल्या. खर्जताईंनी विचारलं, “तू असल्या मालिका ऐकतेस? घरात ते सगळं पाहून?”

“त्यासाठीच ऐकते, मावशी. ह्यात बंद करायचं बटण माझ्या हातात असतं.”

“मग त्या माणसाला माफ करतेस शेवटी?”

“नायकाला? मी त्याच्यासाठी ऐकतच नाही. मागे कोण कोण उभं आहे ते बघत असते. स्वयंपाकीण, ड्रायव्हर, ती नर्स. त्यांना सगळं दिसत असतं ना. मला वाटायचं, त्यांच्यातलं कुणीतरी एकदा बोलेल.”

खर्जताईंनी विचारलं, “मी बोलले होते. तू ऐकलंस का तेव्हा?”

“हो. मी दप्तर भरायला घेतलं होतं,” भाची म्हणाली.

धाकटीची खबर तिच्याकडूनच मिळाली. मेहुण्यांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. धाकटीच सगळं करते. दुकान विकलं. वस्तीतले लोक त्या दोघांचं उदाहरण देतात, संसार असावा तर असा. भाची वेगळी राहते, महिन्यातून एकदा जाते. प्रीक्वेल तिनं आईच्या फोनवर घालून दिली होती आणि काही न बोलता निघून आली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी, खर्जताईंच्या घरचा जुना फोन वाजला. त्यावर आता चुकीच्या नंबरांशिवाय काही येत नसे. धाकटी होती. पुढचं सगळं मी खर्जताईंच्या तोंडून ऐकलं, स्टुडिओच्या बाकावर, त्यांच्या नेहमीच्या सपाट आवाजात.

“ताई, ऐकलं ते.”

“हं.”

“त्यातली ती फार रडते. मी रडले नव्हते.”

“नाही. तू रडली नव्हतीस.”

“मग तसं का केलंय?”

“मी लिहिलेलं नाही गं. लिहिणारी दुसरी आहे.”

“तिला सांग.”

“सांगते.”

 खर्जताई मला म्हणाल्या, तेवढ्यात तिच्याकडे भांडं पडल्याचा आवाज आला आणि कुणाचा तरी नुसता घशातला आवाज. मग धाकटी म्हणाली, “ह्यांच्या दवाखान्यात फोन लावला की तूच असतेस. ‘आपण रांगेत आहात, कृपया थांबा.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. आता थांबते.”

तो निरोप खर्जताईंनी कधीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी दिला होता, दहा मिनिटांचं काम. कुठल्या दवाखान्यासाठी तेही त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी विचारलं, “मी येऊ का? तुला हातभार होईल.”

धाकटीनं भांडं उचलून ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “नको. ह्यांना आवडणार नाही.”

हे सांगून झाल्यावर खर्जताई हसल्या. हसल्या म्हणजे नाकातून श्वास सोडला. “बोलता येत नाही, हात उचलता येत नाही. तरी आवडणार नाही. बघ.”

 मी म्हटलं, “तुम्ही जाऊन बघा ना एकदा.” त्या म्हणाल्या, “एकदा न विचारता बोलले होते. आता ती म्हणेल तेव्हाच.” ह्यात मानीपणा होता की भीती, मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं असतं असं नाही.

मी कंपनीच्या मागे लागून तो एक प्रसंग पुन्हा रेकॉर्ड करवला. रडणं काढून टाकलं. आता सोबतीण फक्त बाही खाली ओढते, कापडाचा बारीक आवाज येतो आणि ती म्हणते, “चहा घेणार?” जुनी फाइल काढून नवी घातली. एवढ्या हजारो ऐकणाऱ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. एकही पत्र आलं नाही.

भाचीनं आईला कळवलं की बदललंय. पुढच्या महिन्यात ती येऊन मला आणि मावशीला सांगून गेली: आईनं स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं, कानात इअरफोन लावून, पाण्याचा नळ तसाच चालू ठेवून. संपल्यावर “आता बरोबर आहे” एवढंच म्हणाली आणि बाबांची चादर बदलायला गेली. मावशीचा विषय काढला तर म्हणाली, “बरी आहे ना ती? मग झालं.”

खर्जताईंना हे त्या दिवशी स्टुडिओत कळलं. एका नव्या मालिकेत त्यांना घरमालकिणीचं काम होतं, चार वाक्यांचं. भाची गेल्यावर त्यांनी कागद टेबलावर मांडले, मग मला विचारलं, “उभ्यानं ऐकलं म्हणाली ना?”

“हो.”

“बसायला वेळ मिळत नसेल,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन हेडफोन घातला.